फावल्या वेळाचा इतिहास

नगरला आमच्या घरी दिवाणाच्या खाली एक निळी कापडी पिशवी असते. तिच्यात आईचं विणकाम असतं. गेल्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा त्या पिशवीत चार कामं अर्धवट होती. शेजारच्या काकूंच्या नातवासाठी टोपी-मोज्यांचा जोड, मामाचा बिनबाह्यांचा स्वेटर, जाळीच्या विणीची एक शाल आणि तळाशी करड्या रंगाचं काहीतरी मोठं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या ऑफिसात बोर्डावर प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं आणि 'सध्या चालू' या रकान्यात माणशी दोनच्या वर कार्डं ठेवायची नाहीत असा नियम आहे. तिसरं काम आलं तर आधीचं एक संपवा, मग ते घ्या. हा नियम माझ्या इतका अंगात भिनला आहे की पिशवी बघून तोंडून आपोआप निघालं, "आई, एक पुरं कर आधी."

हे वाक्य माझं नव्हे. बाबा ते पंचवीस वर्षं म्हणत आलेत. त्यांच्याआधी आजी म्हणायची. आई नेहमी हसून सोडून देते. या वेळी ती म्हणाली, "कुठलं? आत्ता दहा मिनिटं आहेत, कुकर लावलाय. सांग ना कुठलं पुरं करू?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

पिशवीचं गणित

आधी पिशवीतला हिशेब सांगतो, कारण तो मलाही या दिवाळीतच कळला.

टोपी-मोजे म्हणजे नुसती साधी वीण. बोटांना पाठ असते, डोळे कुठेही असले तरी चालतात. हे काम टीव्हीसमोरचं, दवाखान्यातल्या रांगेतलं, पुणे-नगर एसटीतलं. मामाच्या स्वेटरला काखेपासून टाके घटवायचे होते. प्रत्येक ओळीला मोजणी, म्हणजे घरात शांतता हवी, म्हणजे दुपारी दोन ते तीन. शालीची जाळी आठ ओळींनी फिरते. मधेच कुणी हाक मारली आणि एक टाका सुटला की चार ओळी उसवाव्या लागतात. ती फक्त रात्री, सगळे झोपल्यावर.

म्हणजे चार कामं हा विसरभोळेपणा नव्हता. आईच्या दिवसात चार प्रकारचे वेळाचे तुकडे होते आणि प्रत्येक तुकड्याच्या मापाचं एक काम तिने सुईवर ठेवलं होतं.

शिवाय विणकामात अडकून पडण्याची कारणं बाहेरचीही असतात. लोकर संपते. दुकानात तोच रंग मिळतो, पण लॉट वेगळा असतो आणि एका लॉटचा राणी रंग दुसऱ्या लॉटच्या राणी रंगाशेजारी विणला की पट्टा दिसतो. मग जुळणारा गुंडा मिळेपर्यंत ते काम थांबतं. सुयांचीही अडचण असते. आपल्याकडे सुयांचे नंबर उलटे चालतात, आकडा वाढला की सुई बारीक. बॉर्डर बाराच्या सुयांवर, अंग दहाच्या सुयांवर. एक स्वेटर अर्धवट राहिला की दहा नंबरचा जोड त्याच्यात अडकतो. दुसऱ्या कामाला तोच जोड हवा असेल तर आई पहिल्याचे टाके एका जाड दोऱ्यात ओवून ठेवते आणि चिठ्ठी लावते, 'ओळ ३२, पुढे घट'. ज्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. एक प्रोसेस थांबवायची, तिची अवस्था लिहून ठेवायची, रिसोर्स सोडवून दुसऱ्या प्रोसेसला द्यायचा. मी हे तिसऱ्या सेमिस्टरला शिकलो. आई ते एका चिठ्ठीवर करत होती.

मेंढरांमागचं सूत

नगर हा मेंढरांचा मुलूख. ज्यांच्या नावावरून आता जिल्हा अहिल्यानगर झाला, त्या अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा, धनगर घरातला. पुढे १७६७ ते १७९५ त्यांनी होळकरांच्या राज्याचा कारभार पाहिला आणि महेश्वरला विणकर आणून वसवले. महेश्वरी साडीची परंपरा त्यांच्या नावाशी जोडली जाते ती त्यामुळेच.

दख्खनी मेंढीची लोकर बहुतेक काळी आणि राठ. अंगाला टोचते, पण पावसात टिकते. तिची घोंगडी होते, स्वेटर होत नाही. म्हणून मेंढरांच्या जिल्ह्यात राहूनही आईच्या पिशवीतली लोकर लुधियानाहून येते आणि तीही बहुतेक ॲक्रिलिक.

घोंगडीचं काम बघितलं तर त्यात दोन तऱ्हेचे वेळ दिसतात. लोकर कातरून, पिंजून झाली की ती कातायची. दख्खनच्या पठारावरचा मेंढपाळ मेंढरांमागे चालता चालता टकळीवर सूत कातत असे. बायका घरी चरख्यावर कातत. टकळी कधीही थांबवता येते. मेंढरू शेतात शिरलं की टकळी कमरेला खोचून पळायचं, परत येऊन पुढे सुरू. पण सूत पुरेसं झालं की पुढचं काम मागावर. तिथे उभा ताणा लावला, त्याला चिंचोक्याची खळ दिली की तो ताणा जागेवर बांधलेला. त्या मागावर दुसरं काही विणता येत नाही. ती घोंगडी पुरी करूनच उठायचं.

थांबवता येणारं काम आणि बांधून घालणारं काम. हा फरक एकदा दिसला की जगभर दिसायला लागतो. फ्रान्सच्या नैऋत्येला लांद नावाच्या दलदलीच्या प्रदेशात एकोणिसाव्या शतकात मेंढपाळ उंच काठ्या पायांना बांधून चालत. लांबवरची मेंढरं दिसावीत आणि पाय चिखलात रुतू नयेत म्हणून. त्यांच्या जुन्या चित्रांत आणि फोटोंत मेंढपाळ काठ्यांवर उभा आहे आणि हातात विणकामाच्या सुया आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर बायका पाठीवर जळणाच्या टोपल्या घेऊन जाताना वाटेत विणत. टोपली पाठीवर, दोन्ही हात मोकळे, मग ते रिकामे का ठेवायचे?

तिथल्या बायका टोपली बाजूला ठेवून 'आधी एक पुरं' करत बसल्या असत्या तर संध्याकाळी चूल पेटली नसती.

माग आणि इंजिनिअर

नगर शहराचा मागाशी संबंध जुना. लुगडी आणि साड्या हे इथलं नावाजलेलं काम. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ते वाढवलं. तोफखान्यासारख्या भागात आजही या समाजाची जुनी वस्ती आहे.

खड्डामागावर बसलेला विणकर हे चित्र आपल्या डोळ्यासमोर असतं. खड्ड्यात पाय, समोर ताणा, हातात धोटा. त्या चित्रात एक गोष्ट सहसा नसते. धोट्यातली कांडी सतत संपते आणि भरलेली नवी कांडी हाताशी लागते. त्या कांड्या भरायचं, सूत उकलायचं काम घरातल्या बायका आणि मुलं करत. स्वयंपाक, पाणी, तान्हं मूल यांच्या मधल्या वेळात. मागावरच्या माणसाचा वेळ सलग राहावा म्हणून बाकीच्यांचा वेळ तुकड्यातुकड्यांत वापरला जाई. साडी विकली गेली की ती विणकराची. कांड्यांचा हिशेब वेगळा लिहीत नसत.

या चित्रात एक इंजिनिअरही आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झालं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या मिशनचे इंजिनिअर डी. सी. चर्चिल यांनी नगरमध्ये सुधारलेला हातमाग बनवला. इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ साली झटक्याने पळणारा धोटा शोधला होता. विणकराने दोरी ओढली की धोटा या टोकापासून त्या टोकाला जातो, हाताने टाकावा लागत नाही. भारतातल्या हातमागावर तो मोठ्या प्रमाणात पसरला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. चर्चिल आणि त्यांच्यासारखे लोक विचारत होते की गिरणीच्या कापडापुढे हातमागवाला टिकायचा तर तासाला जास्त कापड कसं निघेल?

इंजिनिअर म्हणून मला हा प्रश्न लगेच कळतो. पण आता त्यातली गोम पण दिसते. धोटा दुप्पट वेगाने पळू लागला की कांड्याही दुप्पट वेगाने संपतात. त्या भरणाऱ्या हातांचा वेग वाढवायला कुणी दोरी लावली होती?

त्याच सुमाराला जपानमध्ये साकिची टोयोडा मागावर काम करत होता. त्याने लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट १८९१ मध्ये घेतलं. आईला रात्री मागावर राबताना बघून त्याला ही इच्छा झाली असं सांगतात. १९२४ मध्ये त्याने असा स्वयंचलित माग बनवला की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीला विकले गेले आणि त्या घराण्याच्या पुढच्या पिढीने मोटारी बनवायला घेतल्या. तीच टोयोटा. टोयोटाच्या कारखान्यात कानबान नावाची पद्धत तयार झाली. पुढचं काम मागेल तेवढंच मागच्याने करायचं, अर्धवट मालाचा ढीग होऊ द्यायचा नाही. २००० नंतरच्या दशकात ही पद्धत सॉफ्टवेअरमध्ये आली.

म्हणजे माझ्या ऑफिसातला बोर्ड आणि त्यावरचा 'माणशी दोन कार्डं' हा नियम यांची वंशावळ सरळ एका मागाच्या कारखान्यात जाते. मी आईच्या टकळीला मागाचा नियम लावत होतो.

सुई कशी आली

दोन सुयांवरचं लोकरीचं विणकाम आपल्याकडे मूळचं नाही. ते युरोपियनांबरोबर आलं आणि ते पसरवण्यात मडमांचा, मिशनच्या शाळांचा मोठा वाटा होता.

सिंथिया फरार ही अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी एक. ती १८२७ मध्ये मुंबईला आली, १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. तिच्या मुलींच्या शाळा बघून आपल्याला प्रेरणा मिळाली असं जोतिराव फुल्यांनी स्वतः नोंदवलं आहे. १८४८ मध्ये ते मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यामुळे नगरला आले होते आणि त्याच वर्षी पुण्यात त्यांची मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतल्याचं सांगितलं जातं.

त्या काळच्या मिशनच्या शाळांत मुलींना वाचन-लेखनाबरोबर शिवणकाम असे. पुढे मराठी मुलींच्या शाळांतही शिवण, भरतकाम, विणकाम हे विषय आले. मुलींना शिकवायला विरोध करणाऱ्या घरांनाही हा विषय पटत असे, कारण तो 'फावल्या वेळात' करायचा होता.

हा 'फावला वेळ' शब्द मला या लेखासाठी वाचताना जिथे तिथे भेटला. चरखा शेतकऱ्याने फावल्या वेळात चालवावा. कांड्या बायकांनी फावल्या वेळात भराव्यात. विणकाम गृहिणीने फावल्या वेळात करावं. या शब्दामुळे दोन गोष्टी होतात. काम काम राहत नाही, छंद होतो. आणि वेळ जणू आपोआप सांडलेला असतो, कुणी वेचून जमवलेला नसतो.

१९६२ च्या युद्धात हा फावला वेळ एकदम देशाच्या कामाचा झाला. हिमालयात थंडीत लढणाऱ्या जवानांसाठी देशभर बायकांनी स्वेटर, मोजे, मफलर विणले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला असं आपण अभिमानाने म्हणतो. त्याच हिवाळ्यात माझी आजी भिंगारमध्ये मैत्रिणींबरोबर मफलर विणत होती. लष्कराची छावणी शेजारीच, त्यामुळे जवान हा शब्द तिला पेपरातला नव्हता. ती सांगायची की भाजी फोडणीला टाकली की दोन ओळी, दूध तापेपर्यंत चार ओळी. किती मफलर झाले ते तिला आठवत नव्हतं.

किल्ल्यातला सलग वेळ

नगरच्या किल्ल्याचं नाव काढल्याशिवाय नगरवर लिहिता येत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते इथे आणून ठेवले होते. नेहरूंनी इथेच १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं लिहिली. शिवाय नेहरूंची बागही होती. पुस्तक, वाचन, बाग, सूतकताई अशी अनेक कामं एका वेळी चालू होती आणि त्याला कुणी अर्धवटपणा म्हणत नाही.

तुलना करायची ती त्यांच्या त्यागाशी नव्हे. तो तुरुंग होता, तो वेळ सक्तीचा होता, घरी माणसं आजारी पडत होती आणि यांना जाता येत नव्हतं. मुद्दा एवढाच की तो वेळ सलग होता. आज बागेत काम करायचं की लिहायचं हे ज्याचं तो ठरवत होता. पाच महिन्यांत एवढं मोठं पुस्तक होतं यामागे प्रतिभा आहेच, पण दर दहा मिनिटांनी न वाजणारी कुकरची शिट्टीही आहे.

आता किल्ल्यातून परत तोफखान्यात या. विसाव्या शतकात हातमाग मागे पडत गेला तशा पद्मशाली घरांतल्या बायका विड्या वळू लागल्या. नगर, संगमनेर, सोलापूर ही विडीची मोठी केंद्रं. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. कारखान्याकडून पान-तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या, मजुरी हजाराच्या हिशेबाने. त्यांच्यासाठी १९६६ मध्ये विडी-सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून, घरकामाच्या मधे काम करणारी बाईसुद्धा कामगार आहे हे कायद्याने मान्य केलं. या इतिहासात मला सगळ्यात मोठी वाटते ती हीच ओळ. फावल्या वेळाला तिने कामाचा वेळ म्हटलं.

वही

दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी मी आईला विचारलं, "तू आत्तापर्यंत किती स्वेटर विणलेस?"

ती म्हणाली, "वहीत असेल."

मला वही आहे हेच माहीत नव्हतं. शंभर पानी, माझ्या तिसरीच्या गणिताच्या उरलेल्या पानांची. १९९८ ते २००९. प्रत्येक ओळीत आडनाव, छातीचं माप, सुयांचा नंबर, लोकर कुणाची, मजुरी. आई ऑर्डरी घेत होती. मला आठवतं ते एवढंच की शाळेतून आलो की लोकरीची लच्छी दोन्ही हातांवर ताणून उभं राहायला लागायचं आणि मी कंटाळायचो. गुंडा कुणासाठी चाललाय हे मी कधी विचारलं नाही.

मी मोजले. ११२. एकेकाची मजुरी दीडशे, दोनशे. मधे एका पानावर तारखेसह लिहिलं आहे, 'क्लासची फी भरली'. तो क्लास माझा होता.

एकशे बारा पुरी केलेली कामं असलेल्या बाईला आम्ही तिघं पंचवीस वर्षं 'एक पुरं कर' म्हणत होतो.

मला आईची पिशवी सुंदर आहे, बायकांना एका वेळी दहा कामं जमतात वगैरे म्हणायचं नाहीये. ते वाक्य मला आता 'फावल्या वेळा'चंच भावंड वाटतं. तुकड्यांमधून काम उभं करणं हे कौशल्य आहे खरं, पण तुकडे तिने केलेले नाहीत. ते आम्ही केले. कुणाचा डबा, कुणाची औषधं, कुणी हाक मारली की 'आले'. आणि तुकड्यांच्या या पद्धतीत एक काम कायम हरतं. ज्याच्यासाठी कुणी दारात उभं नसतं ते.

तळाशी असलेलं ते करडं काम मी बाहेर काढलं. पूर्ण बाह्यांचं कार्डिगन. पाठ झालेली, पुढचे दोन्ही भाग झालेले, एक बाही झालेली. दुसऱ्या बाहीचे टाके दोऱ्यात ओवलेले आणि चिठ्ठी, 'ओळ १८'. लोकर २००१ सालची.

"हे कुणाचं?"

"माझं," आई म्हणाली. "राहिलं ते."

वहीत त्याची नोंद नव्हती.

त्या संध्याकाळी मी सहा ते आठ स्वयंपाकघरात होतो. खिचडी केली, जरा खाली लागली. बाबांनी दोनदा पाणी मागितलं, दोनदा मी दिलं. दाराची बेल वाजली, मी उघडली. आई दिवाणावर बसून दहाच्या सुया त्या टाक्यांत परत घालत होती. इतक्या वर्षांनी विणीचा हात बदललाय, जुन्या ओळींपेक्षा नव्या ओळी सैल येतायत असं ती स्वतःशीच म्हणाली, चार ओळी उसवल्या आणि परत विणल्या.

आठ वाजता शेजारच्या काकू टोपीचं माप द्यायला आल्या. आईने सुया खाली ठेवल्या, जुनी चिठ्ठी उलटी करून तिच्यावर नवा आकडा लिहिला आणि उठली.

ओळ ३०.